इन्स्पेक्टर जेवत नाही

मिडलबर्ग, १४ सप्टेंबर

क्रिना,

"अगदी गरजेचं काही असलं तरच बाबांच्या पत्त्यावर पाठव, ते पुढे पोचवतील," असं तू टेबलावरच्या चिठ्ठीत लिहून गेलीस. म्हणून हे येर्सेकेला पाठवतोय. गरजेचं एकच आहे. इन्स्पेक्टर जेवत नाही.

बाकी मी काही विचारत नाही. बर्गनमधली खोली कशी आहे, सोबत कोण आहे, नॉर्वेतली ती मत्स्यबीज केंद्रातली नोकरी तुला कुणी सुचवली, विमानतळावर कुणी सोडलं, यातलं काहीही मी विचारत नाहीये, हे लक्षात घे. तुझा फोन लागत नाही, हेही नुसतं कळवतोय.

तर मासा. तू गेलीस त्या दिवसापासून तो टाकीतल्या दगडाच्या मागे उभा आहे. डबीतलं खाणं टाकलं तर जवळ येतो, लांब चोच पुढे करतो, हुंगल्यासारखं करतो आणि मागे सरकतो. गोठवलेली कोळंबी वितळवून दिली, तिचंही तेच. अंगावरचे केशरी पट्टे फिकटलेत असं मला वाटतं, पण दिव्यामुळेही असेल. पाठीवरचा तो खोटा काळा डोळा मात्र ठणठणीत आहे. दिवसभर माझ्याकडे तोच रोखून असतो.

मला माहीत आहे, तू त्याचं नाव इन्स्पेक्टर का ठेवलंस. दिसेल त्या भोकात नाक खुपसतो म्हणून. पाहुण्यांसमोर तू हे सांगायचीस आणि माझ्याकडे बघून हसायचीस. मीही हसायचो. विम्याचे दावे तपासणाऱ्या माणसाला अशा थट्टेची सवय असते.

तू त्याला काय खायला घालत होतीस, एवढं कळव.

लिवेन

ता. क. तुझी किल्ली टेबलावर नाहीये. सहज लक्षात आलं.

---

मिडलबर्ग, २९ सप्टेंबर

क्रिना,

उत्तर आलं नाही. पण तू आली होतीस.

नाही म्हणू नकोस. गुरुवारी संध्याकाळी कामावरून आलो तर टाकीच्या वाळूवर एक काळा शिंपला उघडा पडलेला. आतून लखलखीत, जिभेने चाटल्यासारखा. मी शिंपला टाकला नव्हता. मला शिंपला उघडता येत नाही, हे तुला आणि तुझ्या सगळ्या गोतावळ्याला माहीत आहे. आपल्या लग्नाच्या जेवणात त्यावरून केवढे हसला होतात तुम्ही सगळे.

शिवाय समोरची काच पुसलेली होती. टॉवेल नळाच्या दांडीवर, चौकोनी घडी घालून. मी टॉवेल खुर्चीवर टाकतो.

आणि इन्स्पेक्टर दगडाच्या मागून बाहेर आला होता. पोट गोल.

म्हणजे तू बर्गनला नाहीस. निदान गुरुवारी तरी नव्हतीस. कुठे राहतेस? फ्लिसिंगनला?

मी शनिवारी फ्लिसिंगनला शोर्सच्या माशांच्या दुकानात जाऊन आलो. माशाचं विचारायला म्हणून. तो टाक्यांच्या रांगेत उभा होता, शेपटीसारखे केस बांधून, नेहमीसारखा ओल्या हातांनी. मला बघून म्हणाला, "आज कोणती पावती तपासायला आलास बाबा?"

मी म्हटलं, "पावती नाही. मासा जेवत नाहीये."

"हा मासा असाच. रुसला की मरेपर्यंत रुसतो. मी तुझ्या बायकोला घेतानाच सांगितलं होतं, नका घेऊ. पण खडकावर ती विषारी समुद्रफुलं माजली होती ना तुमच्याकडे, ती हाच खातो, म्हणून तिने हट्ट धरला."

"ती अलीकडे आली होती का इकडे?"

त्याने जाळी बादलीत टाकली. म्हणाला, "लिवेन, तुझी बायको माझ्याकडून टाकीचं मीठ आणि मासे न्यायची. तिसरं काही नाही. हे मी तुला मागेही सांगितलंय, या वेळी शेवटचं."

माणूस न विचारता "तिसरं काही नाही" म्हणतो, तेव्हा आमच्या धंद्यात आम्ही त्याखाली रेघ मारतो. पण ते असो.

जाता जाता एक. टाकीतली छोटी जाळी फाटली आहे. शोर्सकडे आता मी पुन्हा जाणार नाही, तेव्हा बघतो कुठे मिळते ती.

लिवेन

---

मिडलबर्ग, १३ ऑक्टोबर

क्रिना,

जाळी फाटलेली नव्हती.

गुरुवारी घरी आलो तर टाकीच्या झाकणावर नवी जाळी. दुकानातली नाही, हाताने विणलेली. बारीक गाठी, तांब्याच्या तारेची कडी, धरायला लाकडी मूठ. अशा गाठी मला येत नाहीत. शोर्सलाही येत नसणार. शिंपल्यांच्या बोटीवर वाढलेल्या मुलीला येतात.

पकडलं की नाही?

म्हणजे तू माझी पत्रं वाचतेस. नीट वाचतेस, मधल्या ओळींसकट. मी लिहिलं आणि तू केलंस. मग दोन ओळी लिहायला काय होतं? मला राग आलेला नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी ती जाळी हातात घेऊन बराच वेळ स्वयंपाकघरात उभा होतो, आणि मग वाटाणा-सूप केलं. तू गेल्यापासून पहिल्यांदा काहीतरी शिजवलं. खालून थोडं लागलं.

तुला घरात यायचं असेल तर चोरासारखं कशाला? मी काही विचारणार नाही. बस, बोल, कॉफी घे. माशाला दे काय द्यायचं ते. हवं तर मी वरच्या खोलीत बसेन.

तुझ्या रेनकोटाची मागच्या दाराजवळची खुंटी रिकामीच ठेवली आहे. मुद्दाम असं नाही, माझा एकच रेनकोट आहे.

एक गोष्ट मात्र मला सुटत नाही. टॉवेलाची चौकोनी घडी. तू तर टॉवेल पिळून तसाच टाकायचीस. माणसं बदलतात, हे मान्य. पण घडीच्या बाबतीत नाही बदलत.

लिवेन

---

मिडलबर्ग, ३ नोव्हेंबर

क्रिना,

समोरच्या कोराबाईंनी मला गल्लीत थांबवलं. सायकलच्या टोपलीत कुत्रं, हातात फुलकोबी.

"काय रे, तुझ्याकडे नळवाला येतो का दर गुरुवारी?"

"नाही. का?"

"कोणीतरी येतं बाई. बादली घेऊन."

"बाई येते की बुवा?"

"बुवा! चांगला उंचापुरा. टोपी डोळ्यावर ओढलेली. खिशातून किल्ली काढतो, घरच्यासारखा आत जातो. मी खिडकीत होते तर मला हातसुद्धा केला."

"वय काय असेल?"

"ते मी कसं सांगू? टोपी होती ना! पण चालतो झोकात."

झोकात.

तेव्हा आता सगळं जुळलं. टॉवेल जुळला. तू बर्गनला आहेस, आणि इथे माझ्या घरात तुझी किल्ली घेऊन एक पुरुष शिरतो. मी लिहिलेलं तू त्याला वाचून दाखवतेस. वाटाणा-सूपसुद्धा दाखवलंस का? आणि तो माझ्या दिवाणखान्यात बसून माझ्या माशाला भरवतो, माझ्या शेजारणीला हात करतो!

तुझे वडील माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवत नाहीत, तुझा भाऊ कॅनडात, म्हणजे नात्यातला कोणी नाही. मग हा कोण? नाव सांगू नकोस. मला नाव नको आहे. मला फक्त हे कळायला हवं होतं की असा कोणी आहे, आणि ते मला पहिल्यापासून कळलंच होतं. तुम्ही सगळे मला शंकेखोर म्हणालात.

आज दुपारी कुलूपवाला येऊन गेला. पुढच्या दाराला नवं कुलूप, मागच्या दाराला आतून कडी. त्या झोकात चालणाऱ्याला सांग, बादली घरीच ठेव.

लिवेन

---

मिडलबर्ग, २४ नोव्हेंबर

क्रिना,

हे पत्र लिहायचं नव्हतं.

इन्स्पेक्टरने पुन्हा खाणं सोडलंय. या वेळी वेगळं आहे. बाजूने बघितला तर थाळीसारखाच दिसतो, पण समोरून बघितला तर कागद. डोक्याच्या मागे खळगा पडलाय. शोर्सला फोन केला. तुला वाटेल तसा नाही केला, नीट बोललो. तो म्हणाला, खळगा पडला म्हणजे वेळ थोडा आहे, जिवंत शिंपले उघडून दे.

मी शिंपले आणले. उघडले. डाव्या तळहाताला टाके पडले, पण उघडले. वाळूवर मांडले आणि काचेला नाक लावून बसलो. तो दगडाच्या मागून हललासुद्धा नाही. सकाळी शिंपले सडून पाणी गढूळ झालेलं, ते उपसण्यात अर्धा दिवस गेला, कार्यालयाला खोटं सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तो त्या खोट्या डोळ्याने माझ्याकडे बघत उभा राहतो, आणि मी त्याच्याकडे.

त्या माणसाकडून तो खात होता. हे मला कबूल करावंच लागतं.

येत्या गुरुवारनंतरच्या गुरुवारी, ४ डिसेंबरला, मागचं दार उघडं असेल. मी दिवसभर कामावर असेन. कोण आलं, कधी आलं, मी बघणार नाही. कोराबाईंनाही विचारणार नाही. ज्याला पाठवायचं त्याला पाठव. पण पाठव.

लिवेन

---

मिडलबर्ग, ५ डिसेंबर

क्रिना,

हे पत्र पोस्टात टाकत नाहीये. तुझ्या वडिलांच्या हातात देतोय. रविवारी तुझा फोन आला की ते तुला वाचून दाखवणार आहेत. त्यांनी तसं कबूल केलंय. त्यांच्यासाठी अक्षर मोठं काढलंय. मारिनुस, कृपा करून काही गाळू नका, जिथे तुमच्याबद्दल आहे तिथेही नाही.

मी कामावर गेलो नव्हतो. हे तू ओळखलंच असशील. मी जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलामागे स्टुलावर बसलो होतो. दार बोटभर उघडं. हातात छत्री होती. छत्री कशाला, ते विचारू नकोस.

मागचं दार वाजलं. कोणीतरी बूट काढून पायपुसण्यावर शेजारी शेजारी ठेवले. मोजे राखाडी, टाचेला रफू. बादली खाली ठेवल्याचा आवाज. मग खिशातून कागद उलगडल्याचा आवाज, आणि एक माणूस सावकाश, बोट ठेवून वाचावं तसं वाचायला लागला : "डोक्याच्या... मागे... खळगा... पडलाय." थांबला. टाकीपाशी गेला. म्हणाला, "अरे देवा. काय करून घेतलंस रे पोरा?"

आवाज ओळखीचा होता, पण माझ्या डोक्यात तो बसेना, कारण तो आवाज माझ्या घरात मी कधी ऐकलाच नव्हता.

त्यांनी खिशातली सुरी काढून शिंपला उघडला. माझ्यासारखी झटापट नाही, नुसतं मनगट वळवलं. बाही वर करून तो वाळूवर ठेवला, हात पुसला, टॉवेलाची चौकोनी घडी केली. मग खुर्ची ओढली, आणि टाकीकडे चक्क पाठ करून बसले. खिडकीबाहेर बघत. टोपी मांडीवर.

मी आतून बघत होतो. बऱ्याच वेळाने इन्स्पेक्टर दगडाच्या कडेने बाहेर आला. शिंपल्याभोवती एक फेरी. चोच आत. मग आणखी एकदा. मग टिपायलाच लागला, चिमट्याने टिपावं तसा. माझा श्वास जोरात बाहेर पडला.

"बाहेर ये लिवेन," ते पाठ न वळवता म्हणाले. "मघापासून म्हशीसारखा श्वास घेतोयस."

मी छत्रीसकट बाहेर आलो. "तुम्ही?"

"मग कोण, भेटी वाटणारा सिंटरक्लास? तो उद्या येणार. आणि इकडे नको, तिकडे बस. त्याच्याकडे बघू नकोस. बघितलं की खात नाही."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? पहिल्या दिवशी बसल्या जागी डोळा लागला माझा. उठून बघतो तर शिंपला साफ. तेव्हापासून पाठ करून बसतो."

आम्ही दोघं खिडकीकडे तोंड करून बसलो. मी विचारलं, "क्रिना कुठे आहे?"

"बर्गनला. कुठे असणार? सांगून गेली ना तुला."

"मग पत्रं?"

त्यांनी मांडीवरची टोपी फिरवली. मग म्हणाले, "पहिलं आलं तेव्हा मी तिला विचारलं, पुढे पाठवू का? म्हणाली, फेकून द्या बाबा. दुसरं आलं, तेच. जाताना किल्लीसुद्धा माझ्या हातात देऊन म्हणाली होती, खाडीत टाका. मला काही टाकवत नाही रे. म्हणून पहिलंच पत्र उघडलं, म्हटलं, कोणी मेलंबिलं असेल, आग लागली असेल, तर कळायला हवं. बघतो तर मासा."

"तुम्ही माझी पत्रं उघडलीत!"

"हो. आणि तू माझ्या मुलीची उघडायचास."

 मी उठून कॉफी ठेवली. (मारिनुस, तुमचं हे वाक्यही वाचा.)

कॉफी पिताना ते म्हणाले, "दर रविवारी फोन करते. तुझं नाव काढत नाही. माशाचं विचारते. जगलाय का, खातो का. मी म्हणतो, खातो. तू कुलूप बदललंस तेव्हाही मी म्हटलं, खातो. आईशप्पथ, त्या पोरीशी आजवर खोटं बोललो नव्हतो."

"मला का नाही विचारलंत? दार वाजवलं असतंत तर मी..."

"तू काय? कॉफी दिली असतीस, आणि सोबत प्रश्न. कधी आलात, का आलात, कोणी पाठवलं, खिशात काय आहे. मला त्यापेक्षा हा परवडला." अंगठ्याने मागे टाकीकडे खूण. "हा निदान गप्प असतो."

मला एकच प्रश्न विचारायचा होता, आणि तो त्यांना माझ्या तोंडावर दिसला. ते उठले, बादली उचलली. "ते मला विचारू नकोस. मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी मी नसतं सांगितलं. आणि ऐक जावईबापू, सूप लागू द्यायचं नसेल तर तळापासून ढवळायचं असतं."

म्हणजे सूपाचं तू ऐकलं नव्हतंस. यांनीच वाचलं होतं. तू यातलं काहीच वाचलं नाहीस. मी दोन-तीन महिने ज्या बाईशी भांडलो, जिला पकडलं, जिच्यासाठी खुंटी रिकामी ठेवली, ती तू नव्हतीसच. येर्सेकेच्या स्वयंपाकघरात चष्मा लावून बसलेला एक म्हातारा होता.

तर हे माझं तुला पहिलंच पत्र समज. इन्स्पेक्टर काल दोन शिंपले जेवला. तुझ्या वडिलांनी मधले काही रविवार तुला खोटं सांगितलं, पण आता ते खरं झालंय. त्यांना रागावू नकोस.

लिवेन

---

मिडलबर्ग, १२ जानेवारी

मारिनुस,

तुम्ही गुरुवारी विचाराल, आणि तुमच्या तोंडावर मला सांगता येणार नाही, म्हणून लिहितोय. तुम्हाला माझी पत्रं वाचायची सवय आहेच.

क्रिनाचा काल दुपारी मला फोन आला. मी टाकीत पाणी भरत होतो, हात ओले होते, फोन दोनदा हातातून निसटला. तिने आधी इन्स्पेक्टरचं विचारलं. मी सांगितलं, खळगा भरलाय, खडकावरची फुलंही पुन्हा खायला लागलाय. मग ती म्हणाली, वकिलाचे कागद येतील. परत यायचं नाही. मी म्हटलं, बरं. तिला वाटलं असणार की मी वाद घालेन, कारण तिने दोनदा विचारलं, "बरं?"

मग तिने विचारलं, माशाचं काय करायचं? बाबांकडे नेतोस का? मी म्हटलं, टाकी हलवली तर तो पुन्हा रुसेल. इथेच राहू दे, बाबा येतातच. ती म्हणाली, "अजून येतात?" मी म्हटलं, "दर गुरुवारी. जेवून जातात. माझ्या सूपाला नावं ठेवतात." ती हसली. मारिनुस, खरंच हसली. पाहुण्यांसमोर हसायची तसं नाही.

ती हसत असताना मागून कोणाचा तरी आवाज आला. पुरुषाचा. भाषा नॉर्वेची, शब्द मला कळले नाहीत. तीन-चार शब्द असतील, मग दार लागल्यासारखं काहीतरी. पूर्वीचा मी असतो तर काय काय विचारलं असतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्याकडे ते लेखीच आहे. मी विचारलं नाही. म्हटलं, तिकडे थंडी फार असेल, सांभाळून राहा. आणि फोन ठेवला. नंतर टाकीकडे पाठ करून संध्याकाळपर्यंत बसून राहिलो.

गुरुवारी या. शिंपले तुम्ही आणा, पाव मी आणतो.

आणि तो आवाज कोणाचा होता ते मला सांगू नका. तिने सांगितलं तरी सांगू नका. फक्त रेडिओ असेल, तर तेवढं सांगा.

लिवेन